पुलापलीकडची पावती

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठणठणीत. तूही बरी असशील आणि वॉर्डातल्या पेशंटना आमच्याइतकंच धाकात ठेवत असशील, असं धरून चालतो. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच तोफ डागतेस आणि माझी निम्मी गोष्ट पोटातच राहते. हे पूर्ण वाच, मग ओरड.

आधी बातमी. माझं लायसन्स वाचलं! शाळेच्या बाईंनी काल संध्याकाळी बसची किल्ली परत दिली. मी उगाचच जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर पाच मिनिटं बसून आलो. सहा आठवडे जीव टांगणीला लागला होता.

आता घोळ काय झाला ते ऐक. पूल ओलांडला की दुसरं राज्य. तिथे वेगासाठी माझी गाडी अडवली, पोलिसाने पावती फाडली आणि खाली सही मागितली. सहीच्या जागी छापलं होतं, ‘स्वीकारली’. आपल्याकडे याचा अर्थ कागद हातात मिळाला, एवढाच. मी झोकात सही ठोकली. त्यांच्याकडे त्याचा अर्थ ‘गुन्हा कबूल’ असा होतो, हे मला कुठून ठाऊक! वर मला वाटलं, परक्या राज्यातली पावती परक्या राज्यातच राहते. कसली राहते! त्यांनी आपल्या लायसन्स ऑफिसला कळवलं. तिथे ज्या चुकीला नुसता दंड, तिला आपल्याकडे लायसन्सवर चार दोष-पॉइंट. इतरांचं बारापर्यंत चालतं, पण शाळेची बस चालवणारा तीनच्या वर गेला की वर्षभर घरी.

इथपर्यंत तुला माहीत होतं. ‘मुलांची बस चालवतोस आणि असा उधळतोस?’ म्हणून तू मला धू धू धुतलंस. मी निमूट ऐकून घेतलं. तेव्हाच तुला संशय यायला हवा होता.

काल पलीकडच्या ऑफिसात सुनावणी होती. बाबा ‘मी येणारच’ म्हणून हटून बसले. खिडकीपाशी एक तिरसट कारकूनबाई होत्या. त्या म्हणाल्या, “सहीचा घोळ नेहमीचाच आहे हो. तुमच्याकडचे सगळे इथेच फसतात. सही मागे घेता येते. मग आम्ही फोटो बघतो.”

“कसला फोटो?”

“पुलावर कॅमेरा आहे ना. समोरून काढतो.”

ताई, सांगून टाकतो. गाडी मी चालवत नव्हतो. बाबा चालवत होते.

त्यांची डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा तुला शब्द दिला होता, की त्यांच्या हाती स्टिअरिंग देणार नाही. मी तो मोडला. ट्रकवरचा त्यांचा जुना जोडीदार अंथरुणाला खिळलाय, त्याला भेटायला निघालो होतो. पुलाच्या अलीकडे बाबा म्हणाले, “एवढा पूल तरी दे रे. त्याला सांगेन, गाडी घेऊन आलो म्हणून.” मी विरघळलो. आणि पोलीस मागून चालत येईपर्यंत आम्ही जागा बदलल्या. कल्पना माझीच. बाबांचा पाय गिअरपाशी अडकला तो मी हाताने ओढून काढला. चाळीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही पावती नाही, तेवढी त्यांची ऐट राहू दे म्हटलं.

म्हणून मी बाईंना म्हणालो, “सही आहे तशीच राहू द्या.”

“अहो, नोकरी जाईल तुमची!”

“जाऊ दे.”

तेवढ्यात बाबा बाकावरून उठले. “बाई, तो फोटो बघाच. गाडी मी चालवत होतो.”

फोटोत बाबांची मान ताठ, तोंडभर हसू. शेजारी मी, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. बाई हसल्या, सुनावणी घेणारे साहेब मात्र हसले नाहीत. आम्हा दोघांना त्यांनी पाव तास उभं करून झापलं, आणि पुन्हा असं केलंत तर कोर्टात खेचीन म्हणाले. मग माझं नाव खोडून पावतीवर बाबांचं घातलं. बाबांनी खिशातून लायसन्स काढून खिडकीत ठेवलं. “हेही घ्या. बास झालं आता.”

“आजोबा, परक्या राज्याचं लायसन्स आम्हाला घेता येत नाही. तुमच्या ऑफिसात द्या.”

परतताना आपलं ऑफिस बंद व्हायच्या आत गाठलं. तिथल्या फॉर्मवरही ‘स्वीकारले’ होतं. बाबांनी आधी अर्थ विचारला, मग सही केली.

बाहेर पडल्यावर चौकाच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. लहानपणी ज्या आवाजावरून तू माझं नाव ठेवलंस, त्याच आवाजात. बाबा म्हणाले, “रड, पण इंडिकेटर लाव.”

ताई, मला हवं तेवढं बोल. त्यांना नको. गाडीवरून त्यांच्याशी भांडून गेलीस त्याला आता आठ महिने होतील. तुला हे कळवायचं नाही, असं त्यांनी मला रात्री बजावलं होतं. सकाळी चहा पिताना स्वतःच म्हणाले, “कळव तिला. आता लायसन्स नाही माझ्याकडे. आता तरी बोलेल ना माझ्याशी?”

मी ‘हो’ म्हणून बसलोय. आणखी एक शब्द मोडायला लावू नकोस.

तुझा सुटलेला,
भोंगा