हाकोपाचं एका बोटाचं भाषण

१२ फेब्रुवारी, सोमवार

A च्या जागी Q! W च्या जागी Z! M तर पार दुसरीकडे. या फ्रेंच लोकांचं डोकं ठिकाणावर आहे का?

हेनारेनं पाठवलेला लॅपटॉप आज उघडला. पोरगा तिकडे फ्रान्सात रग्बी खेळतो. स्वतःला नवा घेतला, जुना आम्हा आईबापाला पाठवला. प्रेमानंच पाठवला, पण कीबोर्ड तिकडचा. हाकोपानं कितीतरी वर्षं मराएच्या, म्हणजे आम्हा माओरींच्या सभास्थानाच्या, कमिटीचं टायपिंग केलं, त्याची बोटं न बघता चालायची. ऑक्टोबरच्या झटक्यात उजवा हात गेला. आता डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतो, आणि ते बोट जुन्या सवयीनं चुकीच्याच अक्षरावर पडतं.

हात गेला त्याचं त्याला एवढं नाही. वाचा गेली. मराएच्या अंगणात हा काठी घेऊन उभा राहिला की कुत्रीसुद्धा गप्प बसायची. आता तोंडातून फक्त एक 'ए' निघतो. समजतं सगळं. बोलता येत नाही.

आणि ईस्टरला एरुएराच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढायचंय, वर्ष झालं त्याला जाऊन. थोरल्या भावाचा दगड, घरच्या माणसानं बोलायला हवं. घरात बोलणारा हाच एक उरला होता. आता एरुएराचा मुलगा रापाता ब्रिस्बेनहून येऊन बोलणार. त्याला आपली भाषा धड येत नाही, तिकडेच वाढला बिचारा. कागद हातात धरून बोलायची तर मराएवर सोयच नाही, लोक तोंडावर हसतील. सगळं पाठ हवं.

म्हणून हाकोपा भाषण लिहिणार. रापाता पाठ करणार. असं ठरलंय. ठरवलं त्यानंच, लॅपटॉपकडे बोट दाखवून.

१४ फेब्रुवारी

टोप्या! स्वर लांबवणारी, अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ या कीबोर्डवर कुठेच नाही. आहे ती छोटी टोपी. é आहे, è आहे, सगळ्या तिरक्या रेघा आहेत, आडवी तेवढी नाही. हाकोपानं तासभर खपून चार ओळी लिहिल्या आणि सगळ्या अक्षरांना टोप्या घातल्या. मी हसले. हसायला नको होतं.

लॅपटॉप ढकलून दिला. संध्याकाळी जेवला नाही. डुकराचं मटण आणि रताळी तशीच राहिली.

मी म्हटलं, "जाऊ दे ना, रेघा नसल्या तरी कळेल."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं! बरोबर आहे त्याचं. तुम्हाआम्हाला कळेल. रापाताला कसं कळणार, कुठला स्वर ओढायचा आणि कुठला तोडायचा? त्याच्या कानावर काही पडलेलंच नाही. हाकोपाचा आवाज आता त्या रेघांमध्येच काय तो उरलाय.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ओपोतिकीच्या लायब्ररीत गेलो. तिथली लुपे — सामोआची, जाडजूड, सदा हसरी. तिला म्हटलं, फ्रेंच मशीन आहे, माओरी अक्षरं हवीत. ती म्हणाली, "मावशी, मशीनला काय माहीत त्याच्या अंगावर काय छापलंय! आत भाषा बदलली की झालं." दोन मिनिटांत यादीतून आमची भाषा शोधून काढली. यादीत आमची भाषा होती! मला उगाच भरून आलं.

लुपे म्हणाली, "काका, आता छापलेल्याकडे बघायचं नाही हं. जुन्या बोटांचं ऐका." मग मला हळूच, "आमच्याकडेही हीच रड, मावशी. आमच्या सामोअन लिखाणातल्या उलट्या स्वल्पविरामासाठी मी सासऱ्यांशी वर्षभर भांडलेय."

घरी येऊन नेलपॉलिशची बाटली काढली. आमच्या भाषेला अक्षरं थोडी, जागा बदललेल्या कळा तीनच निघाल्या. A, W, M. लाल रंगानं मोठी काढली. हाकोपा बघत होता. मग डावा हात पुढे केला, करंगळीचं नख दाखवलं. तिलाही लावलं. वेडा!

१९ फेब्रुवारी

रेघेची कळ अगदी कोपऱ्यात, जिच्यावर बारकासा २ छापलाय ती. आधी ती दाबायची, मग अक्षर. पण ती दाबली की पडद्यावर काहीच होत नाही. हाकोपाला वाटतं दाबलीच गेली नाही. पुन्हा दाबतो. मग नुसत्या रेघाच रेघा उमटतात, खाली अक्षरच नाही.

"अरे, एकदाच दाब आणि धीर धर," म्हटलं. "ती लक्षात ठेवते. दिसत नाही एवढंच."

तेव्हा तो हसला, अर्ध्या तोंडानं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

२२ फेब्रुवारी

भाषणात डोंगर झाला, नदी झाली. आज मृतांना हाक.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला भाग रापाताला पाठवला होता. त्यानं पाठ करून, आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. क्रेन चालवतो तो, मागे कसलासा खडखडाट. हाकोपा डोळे मिटून ऐकत होता. स्वर आखूड पडला की टेबलावर ठक्! बोट आपटायचं. ठक्, ठक्, ठक्. सुतारपक्षी बरा.

मी फोन करून सांगितलं, "बाबा रे, रेघ दिसली की ओढ. श्वास संपेपर्यंत नको, पण ओढ."

"कुठली रेघ, काकू? माझ्याकडे रेघा नाहीतच!" त्यानं सगळं आपल्या कम्प्युटरवर परत टाइप करून घेतलं होतं, तिकडच्या कीबोर्डवर, बिनरेघांचं. कामावर छापून खिशात ठेवायला सोपं जातं म्हणे!

हाकोपानं कपाळाला हात लावला. डावाच. मग पुन्हा तेच पान पाठवलं. वर एक ओळ टाकली — हात लावू नकोस, आहे तसं वाच.

५ मार्च

आज भांडण. मी म्हटलं, एवढे कष्ट कशाला, तुझं सगळं भाषण मला पाठ आहे. इतकी वर्षं मागे उभी राहून ऐकलंय. फोनवर बोलून दाखवते पोराला. मराएवर बाईनं बोलायचं नाही हे ठीक, पण स्वयंपाकघरातून शिकवायला कोण अडवतंय?

त्यानं टाइप केलं — रापातानं माझ्याकडून घ्यावं.

मी रागानं मागच्या दारी जाऊन कपडे वाळत घातले. सगळे उलटे घातले. मग कळलं, राग त्याचा नाहीच. त्याचा आवाज मला ऐकायचाय. रापातापेक्षा मलाच जास्त.

८ मार्च, शुक्रवार

आता तो माझ्याशीही त्याच पानावर बोलतो. भाषणाच्या मधेच. पूर्वजांना हाक, खाली — चहा. समुद्राला नमस्कार, खाली — खिडकी लाव, माश्या येतायत. संध्याकाळी मी बसून ते सगळं पुसते, पान स्वच्छ करून ठेवते. नाहीतर रापाता मृतांकडे चहा मागेल!

आज पुसायला बसले तर एक ओळ होती. "हूरिया, भांडी राहू दे. ये, इथे बस. तू दिसली नाहीस की मला भीती वाटते."

दुपारी लिहिलेली असणार. मी तेव्हा बाहेर शिंपले साफ करत होते. मला दिसलीच नाही. हा माणूस कशाला म्हणून घाबरला नाही कधी. पुराला नाही, सरकारला नाही.

पुसली. जाऊन बसले त्याच्याजवळ.

१७ मार्च

शेवट काही त्याच्या मनासारखा होईना. लिहितो, पुसतो. मला बघू देत नाही. लॅपटॉप पोटाशी धरून बसतो.

२१ मार्च, गुरुवार

पाठवलं! पाठवायची कळ त्यानंच दाबली. मग दिवसभर अंगणात खुर्ची टाकून नुसता बसून होता. मला उगाच भीती वाटते आहे. पोरगा अडखळला तर लोक रापाताला नावं ठेवणार नाहीत, म्हणतील हाकोपाचं घर संपलं. आणि ते हा समोर बसून ऐकणार, उत्तर देता येणार नाही.

२८ मार्च

रापाता आला. केवढा थोराड झालाय! बापाचीच चाल. काकाच्या गळ्यात पडून रडला. मग दोघं दार लावून बसले. मी कान लावला तर आतून ठक्!

"काकू, ऐकायचं नाही हं," रापाता ओरडला. "शनिवारी ऐक सगळ्यांबरोबर!"

गेले मुकाट रताळी सोलायला. पन्नास माणसांचं जेवण आहे, हांगीचा, जमिनीत रांधायचा खड्डा अजून खणायचाय.

३० मार्च, शनिवार, रात्र

लिहून टाकते.

कापड निघालं. एरुएराचा फोटो दगडात हसतोय, अगदी तसाच. मग मराएवर आलो, बाकांवर बसलो. पाहुण्यांकडचे म्हातारे समोर. हाकोपा पुढे, चाकाच्या खुर्चीत. रापाता काठी घेऊन उभा राहिला. हातात कागद नाही.

आणि बोलला! काय बोलला! डोंगर, नदी, मेलेले, गेलेले, सगळ्यांना नावानं. जिथे ओढायचं तिथे ओढलं, जिथे तोडायचं तिथे तोडलं. हाकोपा दम घ्यायचा तिथेच दम. मी डोळे मिटले. माझा हाकोपा बोलत होता. शेजारची बाई माझा हात घट्ट धरून होती, तिलाही ऐकू आलं असणार.

आणि मग तोच आवाज, तसाच उंच, काठी जमिनीवर टेकवून —

"हूरिया! भांडी राहू दे. ये, इथे बस. तू दिसली नाहीस की मला भीती वाटते!"

मग पाहुण्यांकडचा एक म्हातारा खो खो हसत सुटला, मग सगळेच. स्वयंपाकघरातून मुली ओले हात घेऊन बाहेर आल्या. दगडाच्या दिवशी हसायला हरकत नसते, रडणं गेल्या वर्षीच झालं. पण माझे कान तापले. आणि हाकोपाची मान खाली, खांदे हलतायत. देवा, रडतोय! चारचौघांत त्याची भीती उघडी पडली, आणि पुसायचं काम माझं होतं!

रापाता बिचकला, पण थांबला नाही. शेवटपर्यंत नेलं. भाषणामागून गाणं उचलायचं काम माझं, उभी राहिले तर गळ्यातून सूर निघेना. शेजारणीनं उचललं. मी मागून मिसळले.

जेवताना रापाता कानाशी येऊन म्हणाला, "काकू, काय चुकलं? मला वाटलं, तुझं नाव येणारच ना त्यात! तू घरची बाई."

"काही नाही चुकलं रे," म्हटलं. "जेव तू."

हाकोपाकडे मला बघवेना. रात्री त्याला झोपवलं, दिवा मालवला. विचारायचा धीर झाला नाही.

३१ मार्च, ईस्टर

सकाळी चहा ठेवताना विचारलंच. "ती ओळ मी पुसली होती रे, हाकोपा. शप्पथ. मग पोराकडे कशी गेली?"

त्यानं लॅपटॉप ओढला. एक बोट. कितीतरी वेळ लागला.

"तू पुसलीस. मी परत लिहिली. जन्मभर तिथे उभा राहून सगळ्यांना हाक मारली, तुला एकदाही नाही. सगळ्यांसमोर म्हणायचं होतं."