भाऊजींचा टँगो

३ ऑगस्ट

चि. धाकटीस, ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझे भाऊजी महिनाअखेरीस बसच्या स्टिअरिंगवरून कायमचे उतरणार. डेपोत निरोपसमारंभ आहे, गाणं-बजावणंही आहे. मला त्यांच्यासोबत एकदा तरी नाचायचंय गं! पण नाच म्हटलं की हा माणूस पळ काढतो. बाईला हाताला धरून न्यायचं कुठे, हेच कळत नाही म्हणे. एवढी मोठी बस बरी नेतात!

तू वर्गात शिकवतेस त्या टँगोची पावलं कागदावर काढून पाठव. व्हिडिओ नको. फोनकडे बघू की पायाकडे, यातच माझी त्रेधा उडते.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की वर्गातल्या मुली घाबरल्या. पावलं सोबत काढली आहेत. वर्गात मी स्वतः करून दाखवते, अगदी तशीच. बिनधास्त पाठ कर.

भाऊजींना म्हणावं, घाबरू नका, हा नाच कुणा एकाचा राहिलेलाच नाही. बंदराकाठच्या गरीब वस्त्यांत वाढला, जहाजांवरून जगभर गेला. कुठे श्रीमंतांनी त्याला कोट चढवून गुळगुळीत केला, कुठे त्याला कवायतीचा ठोका मिळाला. एका थंड देशात तर तो इतका उदास झाला की लोक नाचता नाचता डोळे पुसतात म्हणे! तेव्हा तुम्ही बिघडवाल म्हणून तो काही बिघडायचा नाही.

दोघांवर माझा जीव आहेच,
धाकटी

२० सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

नाचलो गं, नाचलो! मेकॅनिकने पेटीवर सूर धरला, कंडक्टरांनी तिकिटांच्या पत्र्याच्या डब्यांवर ठेका दिला. मी तुझ्या कागदाबरहुकूम पाऊल पुढे टाकलं की हे मागे सरकायचे. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं.

मग मॅनेजरची बायको हळूच कानाशी आली. ती हा नाच शिकलेली. म्हणाली, टँगोत पुरुष नेतो, बाई त्याच्या मागोमाग जाते, तुमचं तर सगळं उलटं झालं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बये, वर्गात मुलींना नाचवायला तू पुरुषाची पावलं टाकतेस आणि तीच मला पाठवलीस!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांना म्हटलं, मी पुन्हा नीट शिकते. तर सगळ्यांदेखत माझा हात धरून म्हणाले, खबरदार काही बदलशील तर. आयुष्यभर बसभर माणसांना यांनी नेलं, यांना कुणी कधी नेलं नाही. आज डोळे मिटून निघाले आणि कुठे आदळले नाहीत. मला रडूच फुटलं.

आता डेपोतले सगळे ड्रायव्हर बायकांना घेऊन माझ्याकडे शिकायला येतात. इथे टँगो असाच असतो, बायको नेते तसा. तू आलीस की गुपचूप पाहायचं, चुका काढायच्या नाहीत!

पत्र आवरते. हे खोलीच्या मधोमध डोळे मिटून, हात पुढे करून उभे आहेत.

तुझी,
हवेत तरंगणारी ताई