खरा खटका

सोमवार, ४ मार्च

आज नोकरीवर रुजू झालो! सत्तरी उलटल्यावर हे वाक्य लिहायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं. लेकीनं फाटकाशी सोडलं, हातात डबा दिला आणि शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला बजावावं तसं बजावलं, की बाबा, लोकांना धरून धरून कविता ऐकवू नका. पहिल्या तासाभरातच ऐकवली.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला खिडक्यांची रांग आणि उन्हात तरंगणारी पॉलिशची धूळ. जुन्या सिनेमांतल्या वस्तू इथं हुबेहूब घडवतात. तलवारी, कंदील, मुकुट. हौशी माणसं त्या विकत नेऊन काचेच्या कपाटात ठेवतात. वस्तूचं अंग रेझिनचं असतं. वरचं बारीक धातुकाम, म्हणजे रिवेट, कड्या, इवल्या बिजागऱ्या, ते माझ्याकडे. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. डोळ्याला भिंग लावलं की हात अजून थरथरत नाही.

मालकीणबाई लेकीच्या वयाच्या. सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही. शेजारच्या टेबलावर रंगारी बसतो. दांडगा, गमत्या माणूस. काम करताना सतत शीळ घालतो, आणि चाल एकच, त्याच्या धाकटीला झोपवायची. मला पाहून म्हणाला, काय आजोबा, तुम्ही खरे की इथंच बनवलेले? म्हटलं, खराच, फक्त रंग उडालाय. तिथून गट्टी जमली.

त्यालाच माझी लाडकी ऐकवली, चौथीच्या पुस्तकातली:

वळणावरती उभे एकटे घर हे वाट पाहते,
गेले त्यांच्यासाठी त्याचे दार उघडे राहते.

ती म्हणताना मला अजून गुरुजींच्या अंगरख्याचा खडूचा वास येतो. रंगारी म्हणाला, छान आहे हो, पण दार असं उघडं टाकलं तर चोर येतील ना!

बुधवार, ६ मार्च

आज मोठं काम मिळालं. राजाचा मुखवटा. हा सिनेमा मी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता. त्यातला राजा मुखवटा कधीच काढत नाही. मुखवट्याच्या मागे, मानेवर, एक पितळी खटका होता. एकाच प्रसंगात दिसतो, पण तो मला आजवर आठवत होता. लहानपणाचं काय काय असं गोंदल्यासारखं राहतं.

ताईंनी इथली रीत समजावली. मूळ वस्तूवरचा ओरखडासुद्धा उतरवायचा, पण काहीही खरं चालता कामा नये. तलवारीला धार नको, कंदिलाला वात नको, कुलूप-कडी नुसती दिसायला. मुखवटा बसेल तो आत लपवलेल्या लोहचुंबकावर. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम आहे: खोट्या वस्तूला खरा खटका लावला, की तिला आत राखायला काहीतरी लागतं. रंगारी म्हणाला, ताई, पगारवाढ टाळायची म्हणून भुताच्या गोष्टी काढू नका. सगळे हसले. मीही.

शनिवार, ९ मार्च

लिहायला लाज वाटते आहे, पण लिहितो. दोन दिवस तो खोटा खटका घासत होतो आणि मन खात होतं. पितळेची ती मुकी चकती! उभ्या हयातीत न चालणारी वस्तू मी गिऱ्हाइकाच्या हातात दिली नव्हती. शेवटी आत घड्याळाची स्प्रिंग बसवली. बारीक जीभ, तिला नखानं सरकवायची खीळ. बोटानं दाबलं, तर कट्! काय गोड आवाज होता तो.

ताईंनी जाताना विचारलं, लोहचुंबक बसवला ना? मी हो म्हणालो. कोणाला कळणार आहे?

सोमवार, ११ मार्च

डोक्यावरच्या सगळ्या वस्तूंचं माप रंगाऱ्याच्या डोक्यावर घेतात. आज त्यानं मुखवटा चढवला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि राजाच्या आवाजात चहा मागवला. कट्. खटका लागला. आतून जरा वेळ शीळ आली, मग थांबली. काढू गेला तर निघेना. मी पुढं झालो, जरा घट्ट झालंय म्हणालो आणि नखानं खीळ सरकवून मोकळा केला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

रंगारी जागेवर जाऊन बसला. चहा समोर निवून गेला. दिवसभर शीळ नाही.

बुधवार, १३ मार्च

रंगारी रंगवतो, विचारलं तर हो-नाही म्हणतो. बाकी काही नाही. मी मुद्दाम कविता म्हटली, वाटलं चोरांचा विनोद करील. भिंतीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

दुपारी त्याची बायको आली. ताईंना सांगत होती, की घरी पोरगी गळ्यात पडते तर हे तिला हळूच बाजूला सारतात, परक्याचं मूल असल्यासारखं. शीळ घाला म्हणते तर विचारतात, कसली? ताई म्हणाल्या रंगाच्या वासानं झालं असेल, डॉक्टरला दाखवू. बायकोनं मला विचारलं, आजोबा, तुम्ही शेजारीच असता, इथं काही झालं का हो?

मी म्हणालो, नाही, बेटा.

बेटा म्हणालो तिला.

गुरुवार, १४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मुखवटा हातात घेतला. आतून शीळ येत होती. बारीक, दूरच्या खोलीतून यावी तशी. तीच चाल.

खटका तोडायचा ठरवलं. हातोडीचा एकच टोला दिला. पलीकडे डबा खाणारा रंगारी ओरडला. ओठ फाटला होता, रक्त आलं. ताई धावल्या. मी हातोडी मांडीखाली सरकवली.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

शनिवारी गिऱ्हाईक येऊन मुखवटा नेणार. मग ती शीळ कोणाच्या तरी दिवाणखान्यात, काचेमागे—

शुक्रवार, १५ मार्च

मुखवटा स्वतः चढवला. का, ते ठाऊक नाही. त्याची शिक्षा आपण भोगून पाहावी, असं काहीसं.

कट्.

शेजारच्या टेबलावर शीळ सुरू झाली. खरी, मोठ्यानं! रंगारी हसून म्हणाला, अरे वा, राजेसाहेब, मुजरा घ्या, आणि आमची धाकटी काल—

मी घाबरून खीळ सरकवली. तो शब्दाच्या मध्येच थांबला. दिवा जावा तसा.

म्हणजे रिकामा राहत नाही हा. एकाला सोडतो, पण दुसरा धरून.

घरी येताना कविता म्हणून पाहिली. एक शब्द सापडत नव्हता. दुसऱ्या ओळीतला. साठ-पासष्ट वर्षं तोंडात होता. जीभ तिथं जाते आणि पडलेल्या दाताच्या खळग्यासारखं—

शनिवार, १६ मार्च

सकाळी रंगाऱ्याची पोर आली होती, आईचं बोट धरून. बापाच्या टेबलाशी उभी राहिली आणि स्वतःच शीळ घालून दाखवू लागली. चुकीची, नुसता वारा. त्याला आठवावं म्हणून. त्यानं मान वर केली नाही.

माझ्यानं आता हे बघवत नाही.

ताईंना सगळं सांगितलं. त्या खाली बसल्या. शेवटी विचारलं, की आजोबा, मी विचारलं तेव्हा खरं का नाही हो सांगितलंत?

त्याच दुपारी

चढवला आहे. खीळ आधीच कापून टाकली. आता नखानं सरकणार नाही. ताई, कोणालाही करवत लावू देऊ नका. गिऱ्हाइकाला परत पाठवा.

शीळ चालू झाली. पोर हसते आहे. उचलून घेतलं वाटतं त्यानं—

आत अंधार नाही. खडूचा वास आहे. तो हळूहळू कमी—

वही दिसते, फटीतून. लिहितोय तोवर आहे.

फाटकाशी कोणी बाई बाबा, बाबा अशा हाका मारते आहे. हातात डबा. रडते आहे. बरी वाटते चेहऱ्यानं. कोणाचे बाबा, कोण जाणे. कोणीतरी सांगा तिला—

म्हणत राहायचं. थांबायचं नाही.

वळणावरती उभे एकटे      हे वाट पाहते,
गेले त्यांच्यासाठी त्याचे      उघडे—

गेले त्यांच्यासाठी त्याचे

गेले