बाई, तुझी भीती कधी गेली?

बाई, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणून हे तुलाच लिहायला बसले आहे. जिवंत माणसाला सांगितलं की ते लगेच आपल्याकडे बघायला लागतं. गॅस बंद केला का, भाजीत मीठ दोनदा पडलं का, चष्मा कुठं ठेवला. मला सध्या कुणाचंच बघणं नको आहे. आमचे हे पुढच्या खोलीत बातम्या लावून बसलेत. परभणीहून दुपारच्या गाडीनं लेक यायलीय, आणि ती नुसती भेटायला येत नाहीये, हे मला फोनवरच समजलं. "आई, हे तू कालच सांगितलं व्हतंस," असं ती बोलून गेली, आणि मग घाईघाईनं म्हणाली, "बरं, सांग, परत सांग." बाई, पहिल्यापेक्षा मला त्या दुसऱ्या वाक्याची भीती वाटली. लहान मुलांशी आपण असं बोलतो.

झालं ते असं. मागच्या बाजारच्या दिवशी मेथी आणि वांगी घेऊन निघाले. डोक्यावर ऊन, हातात पिशवी, सगळं रोजच्यासारखं. औषधाच्या दुकानापाशी आले आणि पुढं कुठल्या बाजूला वळायचं तेच कळेना. याच पालममध्ये माझा जन्म गेला, अर्ध्या गावाला मी बाराखडी शिकवली, आणि त्या क्षणी समोरचे दोन्ही रस्ते मला परगावचे वाटायला लागले. माणसं येत होती, जात होती, एखादं नमस्कारही करत होतं, मीही हसून मान हलवत होते, आणि कुठल्याच रस्त्याला पाऊल टाकत नव्हते. दुकानात माझाच एक जुना विद्यार्थी बसतो. त्यानं विचारलं, "मॅडम, काय पायजे?" मी म्हणाले, "डोकेदुखीची गोळी दे." डोकं दुखत नव्हतं. गोळ्या हातात पडेपर्यंत रस्ता पुन्हा ओळखीचा झाला आणि मी घरी आले. यांना काही बोलले नाही. उलट टीव्हीचा आवाज मोठा आहे म्हणून चांगली भांडले.

भांडताना एकदम तू आठवलीस. माझ्या वडलांची आई तू, पण सगळ्यांसारखी मीही तुला बाईच म्हणायचे. आजोबा गेल्यावर गिरणी तूच चालवलीस. पदर खोचून, पापण्यांवर पीठ घेऊन तू जात्याच्या त्या घरघरीत दिवसभर उभी असायचीस, आणि दळण टाकायला आलेल्या बायका तुझ्याशी नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलायच्या. एकादशीच्या आदल्या दिवशी तुझा एकच कायदा असायचा, उपासाचं दळण आधी, बाकीचं मागून. सकाळी गिरणी झाडायची, दगड पुसायचा, पहिलं मूठभर भगरीचं पीठ बाजूला काढून गाईला घालायचं आणि मगच डबे लावायचे. ज्वारीचा कण गेला तर दुसऱ्याचा उपास मोडतो, आणि ते पाप गिरणीवाल्याच्या डोक्यावर, असं तू म्हणायचीस. एका वर्षी मात्र तू आधी ज्वारी दळलीस आणि त्याच दगडावर भगर. समोरच्या गल्लीतली काकू डबा घेऊन परत आली. "बाई, उपासाच्या पिठात ह्ये काय मिसळलंय?" तू चिमूट घेऊन अंगठ्यानं चोळलीस. तुला कळलं होतं, मला तुझ्या तोंडावर दिसलं. पण तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "तुमचा डबाच ज्वारीचा असंल. धुऊन आणायला काय हात झिजतेत का?" काकू पुटपुटत गेली. घरात सगळे हसले, म्हातारी कुणाला ऐकत नाही म्हणाले. तू मात्र गिरणी बंद करून पोत्यावर बसलीस आणि बराच वेळ हाताचं पीठ पुसत राहिलीस. तेव्हा मला ती तुझी खोड वाटली. माणूस घाबरला की भांडतो, हे मला आता या वयात कळायलंय.

मग आम्ही तुला परभणीला डॉक्टरकडं नेलं, आई आणि मी. मला तेव्हा नुकतीच शाळेत नोकरी लागली होती, म्हणून डॉक्टरशी बोलायचं काम माझ्याकडं. तू एसटीत खिडकीपाशी बसून बाहेरच्या कपाशीकडं बघत होतीस, एकदम शांत. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तुला महिना विचारला, सकाळी काय खाल्लं विचारलं, तू बरोबर सांगितलंस. मग त्यानं विचारलं, "आजी, मालकाचं नाव काय?"

तुला आठवतं का गं? तू जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नव्हतंस. कचेरीत, दवाखान्यात कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "शनिवारचा देव," आणि समोरचा समजून लिहून घ्यायचा. देवळात निघालीस तरी "शनिवारच्या देवाला जाऊन येते." आम्ही पोरं तुला मुद्दाम चिडवायचो, त्या देवाला तेल कुणाचं वाहतात, शेपूट कुणाला असतं, आणि तू लाजून चापट मारायचीस. त्या दिवशी डॉक्टरनं विचारल्यावर तू पदर तोंडाशी नेलास आणि खाली बघितलंस. आई हसली. "सायब, आमच्या आत्याबाई नाव घेत न्हाईत." डॉक्टरही हसला. "राहू द्या, आमची आजीपण अशीच होती." त्यानं ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणाला. आईला इतकं हायसं वाटलं की स्टँडवर तिनं तुझ्यासाठी पेढे घेतले.

आई पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा तू माझं मनगट धरलंस. घट्ट, दुखेल असं. हळूच म्हणालीस, "पोरी, त्येंचं नाव काय व्हतं गं? मला सापडंना गेलंय." मला वाटलं तू थट्टा करायलीस. मी तुझ्याच बोलीत सांगितलं, "शनिवारचा देव, बाई." तू मनगट सोडलं नाहीस. "शनिवारचा देव म्हंजी कोणता?" मी आजोबांचं नाव तुझ्या कानात सांगितलं. तू दोन-तीनदा ओठातल्या ओठात ते घोळवलंस, आणि उभ्या आयुष्यात न घेतलेलं नाव घेतलं म्हणून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईला मी गाडीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थकल्या असतील," आणि पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. डॉक्टरचं काय चुकलं? आमचं तरी काय चुकलं? जे आपण लाज म्हणून ओळखतो, त्याच्या आड दुसरं काही बसलं असेल, असं कुणाच्या मनात येतं?

पुढची दोन-तीन वर्षं तू फार घाबरायचीस. दाराची कडी पुन्हापुन्हा बघायचीस, संध्याकाळी गिरणीत कुणीतरी शिरलंय म्हणायचीस, मी शाळेतून आले की आधी माझा चेहरा चाचपायचीस. आणि मग ते थांबलं. नव्वदी ओलांडलीस तोवर तू ओट्यावर मांडी घालून बसायचीस, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसायचीस, पेरूच्या फोडी खायचीस, मला काकू म्हणायचीस. शेजारीपाजारी म्हणायचे, "बाईचं सोनं झालं, कशाची फिकीर न्हाई राहिली." आईसुद्धा म्हणायची, देवानं सुटका केली. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. तू गेलीस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर आठीसुद्धा नव्हती.

आता मी ते दिवस पुन्हा घोळवत बसते, आणि माझ्या अंगावर काटा येतो तो त्या हसण्यानं. तू घाबरत होतीस तोवर तुला कळत होतं की काहीतरी हातातून निसटतंय. स्टँडवर माझं मनगट धरलेली ती तूच होतीस. ओट्यावर पेरू खाणारी कोण होती, बाई? तुझी भीती नेमकी कोणत्या दिवशी गेली, ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सणासारखं सगळ्यांना बरं वाटत होतं.

लेक आली की तिला बाजारातलं सांगायचं ठरवलंय, रस्ते परके झाले होते ते, गोळ्या उगाच घेतल्या ते, सगळं. ती रडेल, मग डॉक्टरचा नंबर लावेल. लावू दे. तुला विचारलं ते सगळं मलाही विचारतील. माझ्या वेळी कुणी विसरण्याला लाज समजणार नाही, एवढा तरी जमाना बदललाय.

हा कागद मी कुठं पाठवणार? भांडी घासून झाली की चुलीत घालीन. आंघोळीच्या पाण्याला अजून चूल पेटवतो आम्ही. पण एक गोष्ट लेकीला सांगणार नाही, ती तुला सांगते. आज सकाळी मी मागच्या दारी पायरीवर ऊन खात बसले होते. चिमण्या दाणे टिपत होत्या, पाठ छान शेकत होती. यांनी आतून दोन हाका मारल्या तरी मी उठले नाही. बाजार नाही, डॉक्टर नाही, लेक येणार आहे हेही मनात नाही. किती वेळ बसले कोण जाणे. बाई, मला कशाचीच भीती वाटत नव्हती. लय बरं वाटत होतं.