कावळा शिवला तेव्हा मी आडवा होतो

सोलापूर,
बुधवार, दुपारची सुट्टी

तीर्थरूप बजाआत्यास, टेंभुर्णी मुक्कामी, जोतीरामचा वाकून नमस्कार. (भिंतीला धरून वाकलो. काळजी नसावी.) तुझे गुडघे, म्हैस आणि समोरच्या सुनेशी चाललेलं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. पत्र नातीनं वाचून दाखवावं. (आरोही, कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस, आजी मध्येच बोलायला लागेल.) फोन सोडून पत्र का, तर तुझा आवाज ऐकला की मला हसू येतं आणि हसू आलं की पाय जातात. मागचा फोन मी जिन्यात घेतला होता.

डॉक्टरांनी माझ्या दुखण्याला नार्कोलेप्सी असं भारदस्त नाव दिलंय. दिवसाढवळ्या कधीही झोप येते, आणि खळखळून हसलो की अंगातलं बळ मिनिटभर निघून जातं. शुद्ध मात्र जात नाही, ऐकू सगळं येतं. आपल्या घराण्यात इतकी वर्षं ह्यालाच आळस म्हणत होते. आता तुझा निरोप आला, "माझ्या तोंडानं पोराचं वाईट नको, मी काय येत न्हाय." मी विचार केला. तुझंच बरोबर आहे, येऊ नकोस.

महिपतीकाकांचा दहावा आठव. ऊन चढलं तरी पिंडाला कावळा शिवेना. युवराजनं वडिलांपुढं हात जोडून एकेक वचन देऊन पाहिलं, विहीर झाली, बांध झाला, धाकट्याचं लग्न झालं, कावळा आपला बाभळीवर. आणि तू माझ्या कानाशी पुटपुटलीस, "कावळ्याला बी म्हाईत हाय की, जवळ गेलं तर म्हातारा बसवून घिईल आन् बोअरची गोष्ट पयल्यापासनं सांगंल." झालं. पिंडापुढंच मी पोत्यासारखा कोसळलो. डोळे मिटलेले, तोंड वाकडं, आत हसू तसंच. लोक म्हणाले, "लई जीव हुता दोघांचा!" युवराज रडत ओरडला, "आप्पा, जोतीला आमी अंतर देनार न्हाय!" चौघांनी मला उचलून बाजूला नेलं, त्याबरोबर गर्दीही हलली, आणि मोकळी जागा बघून कावळा शिवला. मला सगळं ऐकू येत होतं, पण काकांशी माझं आयुष्यात दोनदाच बोलणं झालंय हे सांगायला जीभ उचलेना.

तेव्हापासून नात्यात कुणाचाही दहावा असो, मला गाडी पाठवून नेतात. लग्नाला मात्र कुणी बोलावत नाही. (ऋतुजाच्या मंगलाष्टकांत मी मुठीत अक्षता घेऊन घोरलो, हे मान्य आहे.)

नवी पेठेतलं दुकान चालू आहे. मालक विरुपाक्षअण्णा देवमाणूस. दुपारी वीस मिनिटं चादरींच्या गठ्ठ्यावर झोपू देतात. परवा एका बाईंनी माझ्या अंगावरची चादर ओढून विचारलं, "ह्यात निळा दावा की." बाकीची पोरं पोट धरून हसली. मी भिंतीकडं तोंड करून मनात पाढे म्हटले, एकोणतीसचा. हसू आलं की मी तोच म्हणतो. हल्ली डबाही एकटाच खातो, कारण डब्याच्या वेळी लोक विनोद करतात. दुकानात मला खडूस म्हणतात. मला, आत्या! तुझ्या भाच्याला! गाडी चालवायची नाही, कुणाकडं राहायला जायचं नाही, कुणी गमतीचं बोलू लागलं की उठून जायचं. गोळ्यांनी झोप बरीच आवरलीय. पण संध्याकाळी खोलीवर येतो तेव्हा फार एकटं वाटतं.

संक्रांतीला तू आली होतीस. तासभर तोंडात पदर धरून बसलीस आणि तिळगूळ देऊन गेलीस. "गोड बोल" एवढंही म्हणाली नाहीस. त्या दिवशी मी एकदाही पडलो नाही. प्रकृती उत्तम राहिली. तेव्हा येऊ नकोस हेच बरं.

तुझा (सध्या उभा असलेला) भाचा,
जोतीराम

ता. क. म्हशीचं तूप कुणाबरोबर तरी पाठव.

ता. क. २. कुणाबरोबर कशाला, तूच घेऊन ये. रविवारी ये. मी टेबल बाहेर काढलंय आणि खाली चार चादरी घडी करून अंथरल्यात. बसूनच ऐकेन, म्हणजे पडायला फार लांब जावं लागणार नाही.

ता. क. ३. (आरोही, हे मात्र मोठ्यानं वाच.) मी पडलो की सगळे घाबरून गप्प होतात, आणि मी तिथं आतल्या आत एकटाच हसत पडलेला असतो. आत्या, तू गप्प बसू नकोस. मला ऐकू येत असतं. गोष्ट पुढं सांगत राहा.