खवट अक्रोड

प्रिय धाकटे,

माहेरी जाऊन बसलीस, ठीक आहे. पण माझा फोनही उचलायचा नाही, हा कुठला न्याय? म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाजत नाही, त्यामुळे तुला ते बंदही करता येणार नाही.

बेकरी चालू आहे, म्हणजे पाव मी भाजते आहे आणि गिऱ्हाइकं सोसताहेत. परवा खालून करपला, काल मधे कच्चा. तू भट्टीत नुसता हात घालून सांगायचीस, अजून जरा थांबू. मी तसं करून पाहिलं तर हातच भाजला. भाऊजी मदतीला येतात आणि पिठात स्वतःच लोळून घरी जातात. जावाजावांची भागीदारी महिनाभर टिकली तरी खूप, असं लोक म्हणायचे. इतकी वर्षं आपण त्यांना खोटं पाडलं होतं.

त्या तापानंतर तुझं नाक गेलं, ते मलाच आधी कळलं. दूध उतू जाऊन करपलं होतं, खोलीत उभं राहवत नव्हतं, आणि तू शेजारी शांतपणे बिस्किटं कापत होतीस. मला आधी हसू आलं, मग तुझा चेहरा पाहिला. कुणाला सांगायचं नाही, भाऊजींनासुद्धा नाही, असं तू माझ्याकडून वदवून घेतलंस. तेव्हापासून वास घ्यायचं आणि चाखायचं काम माझं, बाकी सगळं तुझं. लोणी, अंडी, सुकामेवा, माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय काही पिठाला लागायचं नाही. भाऊजी दर वाढदिवसाला अत्तर आणायचे आणि तू मनगट नाकाशी नेऊन म्हणायचीस, हे मागच्यापेक्षा छान आहे. मी तोंड फिरवून हसायचे. 

मी दाढ काढायला गेले, नेमकी त्याच दिवशी तू अक्रोडांची नवी पिशवी फोडलीस. शाळेच्या मुख्याध्यापकबाईंच्या वडिलांच्या वाढदिवसाचा केक थांबणार नव्हता. अक्रोड खवट निघाले, ते तुला कळणार कसे? दुसऱ्या दिवशी बाई उरलेला केक घेऊन आल्या आणि भर गर्दीत म्हणाल्या की धाकटी लबाड आहे, जाणूनबुजून खराब माल खपवते. माझं डोकं फिरलं. गाल सुजला होता तरी मी तोंड सोडलं. लबाड म्हणू नका, तिला वास येत नाही, चवही कळत नाही, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तू आत भट्टीपाशी होतीस, हे ठाऊक असून बोलले. तुझी अब्रू वाचवायला गेले आणि तुझी झाकली मूठ उघडून बसले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आता जो तो हळहळतो. भाऊजी रागावलेले नाहीत गं, फक्त मला का नाही सांगितलं, एवढंच विचारतात.

पण तू त्यासाठी गेली नाहीस, हे मला माहीत आहे. बाई वरमल्या आणि अगदी कळवळ्याने म्हणाल्या, असं आहे तर तिला कामावर ठेवलंय कशाला? आणि मी गप्प राहिले. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, त्या एका प्रश्नाला मात्र शब्द सुचला नाही. तू ती शांतता आतून ऐकलीस आणि ॲप्रन काढून मागच्या दाराने गेलीस. माझ्याही मनात तेच आहे, असंच तुला वाटलं असणार.

आज बेकरी बंद ठेवून शाळेत गेले. बाईंना सांगितलं की तिला मी ठेवलेलं नाही. भट्टी तिची, हात तिचा. तिनेच मला ठेवलंय, तेही फक्त वास घ्यायला, आणि त्या दिवशी कामावर मीच नव्हते. बाईंनी ऐकून घेतलं. पण जिला ते ऐकू जायला हवं होतं ती तिथे नव्हती, म्हणून तुला लिहून कळवते आहे.

तू ठेवशील तर तुझीच,
मोठी