चूळ भरून थुंकायची दारू

इंदापूर,
ता. १७ फेब्रुवारी १९९७

ती. भामाआक्कास,
धाकट्या सोनबाचा शि. सा. न. वि. वि.

हिकडं समदी बरी हायती. तुजी कंबर कशी हाय ते कळव.

आता मुद्द्याचं. बाजारात बिरू भेटला. म्हनला, तुमचा सिद्धू बारामतीच्या त्या कारखान्यात दिसभर दारू पितो आन त्याचाच पगार घेतो. चार मानसांत माजी मान खाली गेली. आक्का, माजं पोरगं तुज्या घरी ठिवलं ते तुज्या भरवशावर. दाजी दारूपायी गेले, इसरलीस व्हय? खरं असंल तर मी त्याला घेऊन येतो आन मेंढरांमागं धाडतो.

रागानं लिवलं असंल तर पोटात घाल, माया ठेव.
तुजा,
सोनबा

जळोची,
ता. २१ फेब्रुवारी १९९७

चि. सोनबास,
आक्काचा आशीर्वाद. वि. वि.

कंबर दुखती. तुला शेकाय यायचंय का? आन बिरूला म्हनावं, आधी सोताच्या तोंडाचा वास बग. तुज्या दाजींच्या तोंडाचा वास मी जल्मभर घेतला. सिद्धू कामावरनं आला की दारातच त्याला तोंड उघडाय लावते, मग पानी देते.

त्याचं काम असं हाय. द्राक्षाची दारू तोंडात घ्यायची, चूळ भरल्यावानी फिरवायची, थुंकायची आन चव सांगायची. दारू थुंकनारा मानूस मी बगितला न्हवता, तवा मलाबी पटलं न्हाय. पर करतो खरं.

आता कारखान्यात स्पेनचा पाव्हना आलाय. त्यानं लाल दारू आनलीया, दोन जातींच्या द्राक्षांची मिळून. तेंप्रानियो आन गार्नाचा. नावं सिद्धूनं घोकून घेतली माज्याकडनं. एक दनकट, तुरट. दुसरी रसाळ, पैलीला मऊ करनारी. आपन बाजरीत ज्वारी मिसळतो तसंच की! मग लाकडाच्या पिपात मुरवत्यात. पाव्हना म्हनलाय, हिच्यासंगं तुमच्या घरचं कंचं जेवान जुळतं ते शोधा आन आठ मार्चला शनिवारी करून आना. ज्याचं जुळंल तो कामावर कायम.

त्यापायी बाटली घरी येनार. दाजी गेल्यापास्नं ह्या घरात औषिदाबिगर बाटली आली न्हाय. मी व्हय म्हनले, पर माज्याम्होरं आन थुंकायची. गिळली तर मीच लिवीन तुला.

वैनीला सांग, लोनचं संपलं. बाकी, बोलले ते मनावर घे आन जीव लावत जा.
तुजी,
भामाआक्का

इंदापूर,
ता. २५ फेब्रुवारी १९९७

ती. भामाआक्कास सोनबाचा नमस्कार. वि. वि.

तुज्या घरात बाटली, हे वाचून मला जेवान ग्वाड लागंना. गिळायचा न्हाय, ह्याचा भरवसा मला न्हाय. शनिवार उजाडूच देत न्हाय. शुक्रवारी सात तारखंला पैल्या यष्टीनं येतो, त्याचं कापडाचं गाठुडं बांधून ठेव. लोनचं आनतो.

भांडलो तरी तुजाच,
सोनबा

जळोची,
ता. ४ मार्च १९९७

चि. सोनबास आशीर्वाद. वि. वि.

आडपडदा ठिवत न्हाय. गिळली.

काल सांजच्याला बाटली उघडली. चुलीपाशी मी आन सिद्धू, दोगंच. आपल्या रोजच्यावानी लाल, झनझनीत मटन केलं व्हतं. घास खाऊन त्यानं दारू तोंडात फिरवली, डोळ्यांत पानी आलं, तांब्यात थुंकला. म्हनला, आत्या, तिखटानं हिची निस्ती आग व्हती, चव मरती. मग पेला हुंगून सांगाय लागला, पिकलं जांभूळ, सुकलेली बोरं, तंबाकूचं पान, जुन्या लाकडी पेटीचा वास. मला तुज्या दाजींच्या सदऱ्याचाच वास येत व्हता.

भाजल्या वांग्याचं भरीत दिलं. बरं म्हनला, थुंकला. मग माज्यासाठी काढलेलं मिठा-हळदीचं सुकं मटन दिलं, चांगलं चरबीचं. घास घेतला, घोट घेतला आन त्याचा गळा हालला. मी कानाखाली वाजवली.

त्यानं तोंड फिरवलं न्हाय. म्हनला, जानून गिळली. घासासंगं ती कशी उतरती हे थुंकून कळत न्हाय. चरबीनं तिचा तुरटपना मऊ व्हतो. शनिवारी हेच मटन न्यायाचं.

पेल्यात अजून व्हती, बाटली अर्धी भरल्याली, ती मधी तशीच ठिवली आन बगत बसले. पैल्या घोटामागं दुसऱ्याला हात कसा जातो ते माज्याइतकं कुनाला ठाव? दाजी बोलायचे एकीकडं, हात जायाचा दुसरीकडं. सिद्धूनं हाडकं चोखली, भाकरी मागितली, वर कांदा मागितला. मग पेला उचलला. मला वाटलं, संपलं. त्यो उठला, मोरीत वतला, पेला धुतला आन पालथा घातला. बाटलीला बूच मारलं आन गाल चोळत झोपाय गेला.

तवा शुक्रवारी येऊ नगंस. आलास तर पोरगं मिळायचं न्हाय, दारातनंच माघारी जाशील. शनिवारचं मटन मी करनार हाय. त्याचं जुळलं न्हाय तर तुज्या मेंढरांमागं मीच आनून सोडीन. पर आता न्हाय. ह्या घरात पेला पालथा घालनारा गडी मी पैल्यांदाच बगितला.

लई कडू लिवलंय, तरी बहिनीवरची माया आटू देऊ नगंस.
तुजी,
भामाआक्का